रणात पडलेले आणि घरी परतून गेलेले



साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. सारा जिल्हा त्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतो. कारण तेथील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे सैन्यात गेलेली आहेत. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या आठवणीसाठी इंग्रज सरकारने तेथे स्मारक उभारले. त्या युद्धानंतर हिंदुस्थानातील अनेक गावांत असे दगड बसविण्यात आले. त्यांवरील मजकूर साधारणतः एकाच साच्याचा असे : या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले; त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.

दगडावर दोन आकडे आहेत. वजाबाकी पाहणाऱ्याने करावयाची. ती केली म्हणजे जे उरतात ते परत आलेले. त्यांचे पुढे काय झाले, याविषयी दगड काही सांगत नाही. ते परत आले एवढ्यावरच सरकारचा हिशेब मिटतो. आज मला आपल्यापुढे नेमका हाच न मिटलेला हिशेब मांडावयाचा आहे. युद्धात पडलेल्या सैनिकांची मोजदाद राष्ट्रे कशी करू लागली आणि युद्ध आटोपून घरी आल्यावर ज्यांनी स्वतःच्या हाताने जीवन संपविले, त्यांची मोजदाद करावयास त्यांना एवढा विलंब का लागला, हा माझा विषय आहे. उदाहरणे मी मुख्यतः अमेरिकेच्या इतिहासातून घेणार आहे. कारण या दोन्ही मोजदादींचा वाद त्या देशात अगदी उघड्यावर आणि आकडे मांडून झालेला आहे. सोबत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचीही साक्ष काढू.

पडलेल्यांची नावे

रणात पडलेल्या प्रत्येक शिपायाचे नाव लिहून ठेवावे, ही कल्पना आपल्याला आज स्वाभाविक वाटते. वस्तुतः ती फार जुनी नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असे चार वर्षे चालले. त्या वेळी शिपायाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नसे. मोठ्या लढाईच्या आदल्या रात्री कित्येक शिपाई आपले नाव व गाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती अंगरख्याला टाचून ठेवीत, की उद्या प्रेत कोणाच्या हाती लागलेच तर घरी निदान कळावे! मृत्यूची बातमी घरी कळविण्याची कोणतीही खात्रीची व्यवस्था सरकारपाशी नव्हती. एखाद्या सोबत्याने पत्र लिहिले तर कळे, नाही तर नाही.

युद्ध संपल्यावर क्लारा बार्टन या बाईंनी बेपत्ता शिपायांच्या शोधासाठी एक कचेरी उघडली. रणांगणावर जखमींची शुश्रूषा केल्यामुळे त्यांचे नाव घरोघरी ठाऊक झाले होते. १८६५ ते १८६८ या काळात त्यांच्याकडे ६३ हजारांहून अधिक पत्रे आली आणि सुमारे २२ हजार माणसांचा ठावठिकाणा लागला. अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत उत्तरेकडील सुमारे १३ हजार शिपाई मेले. त्यांची यादी जगाला मिळाली ती डॉरेन्स ॲटवॉटर नावाच्या एका तरुण कैद्यामुळे. मृतांची नोंद ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते आणि त्याने त्या नोंदीची एक नक्कल गुपचूप स्वतःजवळ करून ठेवली होती. पुढे सरकारने उत्तरेकडील तीन लाखांहून अधिक शिपायांची प्रेते उकरून राष्ट्रीय दफनभूमींत आणली. परंतु त्यांतील जवळजवळ निम्म्यांची नावे कोणालाच सांगता आली नाहीत.

त्या युद्धात एकूण किती माणसे मेली, हा प्रश्न तर अजूनही पुरता सुटलेला नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ शाळांतून ६ लाख १८ हजार हा आकडा शिकविला गेला. २०११ मध्ये एका इतिहासकाराने जनगणनेच्या आधारे तो साडेसात लाखांच्या घरात नेला. २०२४ मध्ये अधिक पूर्ण कागदपत्रे पाहून केलेल्या अभ्यासात तो सुमारे ६ लाख ९८ हजार निघाला. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची संख्या अजून बदलते आहे! पहिल्यांदा नोंद झाली नाही, म्हणजे पुढच्या पिढ्यांना असे अंदाज करीत बसावे लागते.

तथापि या अनुभवातून राष्ट्रे काही शिकली. १९०६ मध्ये अमेरिकन सैन्यात ओळखीचा बिल्ला आला. १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने युद्धसमाध्यांसाठी एक स्वतंत्र आयोग नेमला. फेबियन वेअर हे त्याचे प्रवर्तक. अधिकारी असो वा शिपाई, सर्वांना सारखाच दगड, हे त्या आयोगाचे तत्त्व होते. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. अर्थात हे तत्त्व सर्वत्र पाळले गेले असे नाही. त्याच आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच कबूल केले, की आफ्रिका व मध्यपूर्व येथील निदान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत. पण निदान तत्त्व मान्य झाले होते, आणि म्हणूनच शंभर वर्षांनी का होईना, चूक कबूल करावी लागली.

तारीख आणि अक्षर

आता या आयोगाच्या एका नियमाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. कोणाला ‘युद्धमृत’ म्हणावयाचे हे ठरविण्यासाठी तारखांची मर्यादा घालण्यात आली : ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. या मुदतीत नोकरीत असताना जो मरण पावला, तो गोळीने मेला, तापाने मेला की आत्महत्येने, हे पाहावयाचे नाही. त्याला सन्मानाचा दगड मिळे. नोकरीतून मुक्त झाल्यावर मुदतीच्या आत मेला, तर मृत्यूचे कारण नोकरीशी जोडलेले असल्याचे सिद्ध करावे लागे. आणि त्यानंतर? त्यानंतर तो एक सामान्य नागरिक. समजा, दोन सोबती एकाच खंदकात एकाच दुःखाने पोळले. एकाने १९१८ साली बराकीत जीव दिला, दुसऱ्याने १९२३ साली आपल्या घरी. पहिल्याचे नाव युद्धाच्या यादीत येईल. दुसऱ्याचे फक्त गावच्या मृत्युनोंदीत. दुःख एकच, पण नोंदवह्या दोन.

मर्यादा कोठे तरी घालावीच लागते, हे मला मान्य आहे. परंतु मर्यादा घालणारा बहुधा खर्चाकडेही पाहत असतो. याच युद्धात तोफांच्या माऱ्याने भेदरलेल्या, बोलणे वा चालणे हरपलेल्या शिपायांना ‘शेल-शॉक’ झाला असे म्हणू लागले. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या रोग्यांविषयी प्रथम लिहिले. लवकरच ब्रिटिश सैन्याने त्यांचे दोन वर्ग पाडले. शत्रूच्या तोफगोळ्याचा स्फोट जवळ होऊन रोग जडला, तर कागदावर ‘डब्ल्यू’ हे अक्षर, म्हणजे जखमी. त्याला जखमेची पट्टी व निवृत्तिवेतनाचा हक्क. स्फोटाशी संबंध दाखविता आला नाही, तर ‘एस’, म्हणजे नुसता आजारी. त्याला दोन्ही नाही. एका अक्षरावर माणसाचा मान आणि त्याच्या बायकामुलांची भाकरी अवलंबून राहिली. १९१७ मध्ये तर हा शब्दच रोग्याच्या कागदावर लिहू नये असा हुकूम सुटला आणि ‘अद्याप निदान झाले नाही’ असा शेरा मारण्याचा परिपाठ पडला. ज्या रोगाला नाव नाही त्याचा आकडाही नाही. आणि ज्याचा आकडा नाही त्याच्यासाठी तरतूदही नाही.

काळ्या भिंतीबाहेरचे

व्हिएतनामच्या युद्धाने हा प्रश्न पुन्हा उभा केला. वॉशिंग्टन येथे १९८२ च्या नोव्हेंबरात त्या युद्धाचे स्मारक खुले झाले. माया लिन या तरुण विद्यार्थिनीने त्याची कल्पना काढली होती. काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यावर मृत्यूच्या क्रमाने कोरलेली नावे, बस्स! आरंभी ५७,९३९ नावे होती. पुढे भर पडून ती ५८ हजारांच्या वर गेली. रणातील जखमेने नंतर मेलेल्यांना या भिंतीवर जागा मिळू शकते. पण घरी परतून ज्याने आत्महत्या केली, त्याला ती मिळत नाही. अशांच्या नातलगांची तक्रार वर्षानुवर्षे चालू राहिली. शेवटी २००४ मध्ये भिंतीजवळ एक निराळी पाटी बसविण्यात आली. सेवेच्या परिणामी नंतर मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ ती आहे. तिच्यावर नावे नाहीत.

दरम्यान १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतर जडणाऱ्या मनोविकाराला आपल्या रोगसूचीत अधिकृत स्थान दिले. त्याच सुमारास लोकांत एक वाक्य पसरले : व्हिएतनामात जेवढे पडले, त्याहून अधिक घरी येऊन आत्महत्येने गेले. भाषणांतून, वृत्तपत्रांतून ते फिरू लागले. ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडणारे वाक्य. पण ते खरे होते काय?

आकडेतज्ज्ञांनी तपास केला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले, की १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अशा आत्महत्यांची संख्या नऊ हजारांहून कमी असावी. ५८ हजारांची गोष्ट निराधार ठरली. परंतु येथेच थांबणे हाही अन्यायच होय. त्याआधी, १९८७ मध्ये, अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने एक महत्त्वाची गोष्ट नजरेस आणली होती. व्हिएतनामात गेलेले सैनिक आणि त्याच काळी सैन्यात असूनही तेथे न गेलेले सैनिक, अशी तुलना त्याने केली. सैन्य सोडल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत पहिल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक निघाले. या जादा मृत्यूंत मोटार अपघात, आत्महत्या, खून आणि विषबाधा हीच कारणे मुख्य होती. पाच वर्षे उलटल्यावर मात्र दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. म्हणजे धोक्याचा काळ कोणता ते कळले. भपकेदार आकड्याने जे सांगितले नसते, ते खऱ्या आकड्याने सांगितले.

बावीस, वीस आणि सतरा

२००१ नंतर अफगाणिस्तान व इराक येथे युद्धे झाली. रणातील प्रत्येक मृत्यू सरकार जाहीर करी. परंतु माजी सैनिकांच्या आत्महत्या किती, असे विचारले तर सांगता येईल असा संपूर्ण राष्ट्राचा आकडाच नव्हता. २००७ साली एका दूरचित्रवाणी संस्थेने एकेका राज्याकडे मागणी करून ४५ राज्यांची माहिती गोळा केली, तेव्हा २००५ या एका वर्षात ६,२५६ अशा आत्महत्या झाल्याचे दिसले. हे काम वास्तविक सरकारचे होते.

असे का व्हावे? कारण साधे आहे. सैनिक गणवेशात असेपर्यंत सैन्याच्या दप्तरात असतो. गणवेश उतरला की त्याचा मृत्यू राज्याच्या दप्तरात जातो. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हा कधी सैन्यात होता काय?’ असा एक रकाना असतो. तो भरतो अंत्यसंस्कार करणारा व्यवस्थापक, घरच्या माणसांना विचारून. विचारले नाही, किंवा शोकात उत्तर चुकले, तर एक सैनिक हिशेबातून नाहीसा होतो. शिवाय आत्महत्येला अपघात म्हणण्याकडे नातलगांचा कल असतो, तो निराळाच.

माजी सैनिकांच्या खात्याने प्रथम २१ राज्यांचे दाखले तपासून अंदाज बांधला : दररोज २२ आत्महत्या. हा अहवाल २०१३ च्या आरंभी बाहेर आला आणि ‘बावीस’ हा आकडा घोषणाच झाला. पण त्यात कॅलिफोर्निया व टेक्सास ही मोठी राज्येच नव्हती. २०१६ मध्ये सर्व राज्यांच्या नोंदी आणि सुमारे साडेपाच कोटी माजी सैनिकांची दप्तरे ताडून आकडा आला : दररोज २०. पुढे लक्षात आले, की या विसांत सध्या नोकरीत असलेले व राखीव दलांतीलही धरले होते. ते वगळल्यावर आकडा सतराच्या आसपास आला. २०२२ या वर्षी ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली, म्हणजे दिवसाला सतराहून अधिक.

कोणी म्हणेल, बावीस काय, वीस काय आणि सतरा काय. हा कीस कशाला? मला वाटते, याच किसातून औषध हाती लागते. २०१६ च्या मोजणीतून दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली अशी, की विसांपैकी केवळ सहा जण खात्याच्या दवाखान्यांत उपचार घेत होते. उरलेले चौदा तेथवर पोहोचलेच नव्हते. दुसरी अशी, की सुमारे दोन तृतीयांश पन्नाशीच्या पुढचे होते. लोकांच्या डोळ्यांपुढे मात्र इराकहून आलेला पंचविशीतला तरुण उभा होता. तोही धोक्यात होताच; पण त्याच्या मागे एकटा बसलेला म्हातारा कोणाला दिसत नव्हता.

२०२१ साली ब्राउन विद्यापीठाच्या एका प्रकल्पाने हिशेब मांडला, की २००१ नंतरच्या युद्धमोहिमांत अमेरिकेचे ७,०५७ सैनिक मृत्यू पावले आणि याच काळात सेवा केलेल्या आजी-माजी सैनिकांतील आत्महत्यांचा अंदाज ३०,१७७ आहे. चौपटीहून अधिक! हे आकडे शेजारी ठेवताना विवेक हवा. आत्महत्या करणारे सगळेच रणात गेलेले नव्हते आणि सैन्यात न गेलेल्या लोकांतही आत्महत्या होतातच. तरीही वय आणि स्त्री-पुरुष हा भेद जमेस धरल्यावर २०२० साली माजी सैनिकांतील प्रमाण इतर प्रौढांपेक्षा सुमारे ५७ टक्क्यांनी अधिक होते. २०१५ मध्ये ३९ लाख सैनिकांच्या नोंदी पाहून केलेल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट सांगितली. युद्धभूमीवर पाठविले गेले होते की नाही, यापेक्षा सैन्य सुटले ही घटना आत्महत्येशी अधिक जोडलेली दिसली. सोबती सुटतात, शिस्तीचा दिवस सुटतो, ‘माझा कोणाला तरी उपयोग आहे’ ही भावना सुटते. म्हणजे संकट केवळ रणात नाही. ते परतीच्या वाटेवरही आहे.

सरकारी रिवाजही हळूहळूच बदलतो. मृत सैनिकाच्या घरी अमेरिकेचे अध्यक्ष सांत्वनपत्र पाठवितात; पण आत्महत्येने गेलेल्याच्या घरी ते जात नसे. २०११ च्या जुलैत अध्यक्ष ओबामा यांनी तो रिवाज मोडला. तोही केवळ युद्धक्षेत्रात झालेल्या आत्महत्यांपुरता. घरी परतून गेलेल्याच्या आईला पत्र नाहीच.

दोन देश, दोन उत्तरे

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनचे २५५ सैनिक मेले. वीस वर्षांनी तेथेही तेच वाक्य ऐकू आले, की याहून अधिक माजी सैनिक आत्महत्येने गेले. अखेर संरक्षण खात्याने मोहिमेत गेलेल्या सुमारे २६ हजार माणसांच्या मृत्युनोंदी तपासल्या. २०१२ अखेर अशा मृत्यूंची संख्या ९५ निघाली. वाक्य खोटे ठरले; पण ते इतकी वर्षे टिकले याचे कारण, त्याआधी कोणी मोजलेच नव्हते. इंग्लंड व वेल्सच्या जनगणनेत ‘तुम्ही पूर्वी सैन्यात होता काय?’ हा प्रश्न प्रथम विचारला गेला तो २०२१ साली.

ऑस्ट्रेलियात उत्तर उलटे निघाले. तेथे मृत सैनिकांच्या आयांनी आणि पत्नींनी वर्षानुवर्षे तगादा लावल्यावर २०२१ मध्ये चौकशी आयोग बसला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने सात खंडांचा अहवाल दिला. १९९७ ते २०२१ या काळात निदान १,६७७ आजी-माजी सैनिकांनी आत्महत्या केली. आणि ही संख्या त्याच काळात कर्तव्यावर मारले गेलेल्यांच्या वीसपटीहून अधिक आहे, असे आयोगाला आढळले. एका देशात अफवा मोठी ठरली, दुसऱ्यात वास्तव मोठे ठरले. दोन्हीकडे सत्य कळले ते मोजल्यावरच.

वजाबाकीतील माणसे

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मृत सैनिकाला मोजणे हा कारकुनी खटाटोप नव्हे. ते राष्ट्राने दिलेल्या शब्दाचे पालन आहे. माणसाला रणावर धाडताना आपण सांगतो, ‘तुझे आम्ही पाहून घेऊ.’ हा शब्द परतीच्या गाडीतून उतरताच संपत नाही. आकडा लपविला, तर तो शब्द मोडतो. आकडा फुगविला, तर परतलेला प्रत्येक सैनिक लोकांना जणू मोडलेला माणूस वाटू लागतो, आणि ते तर साफ खोटे आहे. बहुसंख्य परततात, संसार करतात, शेती पिकवितात, मुलांना शिकवितात. जे खचतात, त्यांनाही वेळेवर हात मिळाला तर ते सावरतात, हाही अनुभव आहे.

आपल्याकडेही या दिशेने पाऊल पडले आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेलि-मानस’चा स्वतंत्र विभाग उघडला, आणि १४४१६ या क्रमांकावर ती सेवा कोणाही नागरिकाला मिळते. परंतु दूरध्वनीचा क्रमांक पाठ असून भागत नाही. तो फिरविण्याइतका धीर देणारे माणूस शेजारी असावे लागते. अमेरिकेतील विसांपैकी चौदा जण दवाखान्यापर्यंत पोहोचले नाहीत. ते कोणाच्या तरी आळीत, कोणाच्या तरी शेजारीच राहत होते.

आपल्या गावातही सैन्यातून निवृत्त झालेली माणसे आहेत. पंधरा ऑगस्टला आपण त्यांना हार घालतो, ते योग्यच आहे. पण सोळा ऑगस्टला त्यांच्या ओट्यावर जाऊन घटकाभर बसावे. ‘सुभेदार, बरे आहे ना?’ असे विचारावे, आणि उत्तर ऐकण्यासाठी थांबावे. अपशिंग्यासारख्या गावच्या दगडांवर न लिहिलेली तिसरी संख्या ती हीच माणसे. ती जिवंत आहेत तोवरच त्यांची मोजदाद आपल्या हाती आहे.